दुकानातले कॅमेरे ‘होम’ ॲपमध्ये

दुकानासाठी किंवा सोसायटीसाठी बसवलेले आयपी कॅमेरे ॲपलच्या ‘होम’ ॲपमध्ये सहसा थेट जोडता येत नाहीत, कारण ते या ॲपमागच्या होमकिट यंत्रणेसाठी बनवलेले नसतात. पण म्हणून चांगले कॅमेरे काढून टाकायची मुळीच गरज नाही. यातले बरेचसे ऑनव्हिफ हे सामायिक मानक पाळतात. ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये त्याची सुरुवात केली. अशा कॅमेऱ्याचं चित्रण आरटीएसपी (थेट चित्रण पाठवण्याची पद्धत) पत्त्यावरून, सहसा ५५४ क्रमांकाच्या पोर्टवर मिळतं. घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर किंवा जुन्या संगणकावर होमब्रिज, स्क्रिप्टेड किंवा होम असिस्टंट यांपैकी एखादं सॉफ्टवेअर चालवलं, की ते चित्रण होमकिटला समजेल अशा रूपात पुढे जातं.

घोडं अडतं ते बहुधा एकाच ठिकाणी. कॅमेरा एच.२६५ या व्हिडिओ-स्वरूपात चित्रण पाठवतो आणि होमकिटला हवं असतं एच.२६४. हे रूपांतर छोट्या संगणकावर लादलं की तो तापतो, चित्र अडखळतं. त्यापेक्षा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सबस्ट्रीम (कमी दर्जाचा दुसरा प्रवाह) एच.२६४ वर ठेवून तीच जोडावी. मुख्य स्ट्रीम रेकॉर्डरकडे जाऊ द्यावी. या जोडणीसाठी कॅमेऱ्यात फक्त पाहण्यापुरता वेगळा युजर तयार करा, ॲडमिनचा पासवर्ड वापरू नका. आणि ५५४ पोर्ट राउटरवरून बाहेरच्या जगाला कधीही उघडून देऊ नका.