सहा तारांवरून चार तारांकडे: रायपुरात पहिला बेस घेताना

रायपुरात हौशी वाद्यवृंद जमवायला बसलं की गिटार वाजवणारे तीन-चार जण सहज मिळतात. बेस वाजवणारा बहुधा मिळत नाही. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव असो, तात्यापाऱ्यातला एखादा कार्यक्रम असो किंवा कॉलेजचं गॅदरिंग, खालचे सूर कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर सोडले जातात. तो हात मग त्यातच अडकतो, आणि ढोलक, ऑक्टोपॅड आणि गायक यांना एकत्र धरून ठेवणारा सूर पातळ राहतो. म्हणून गटातल्या एका तरी गिटारवाल्याने बेस हाती घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. त्याला कॉर्ड कळतात, ताल अंगात मुरलेला असतो. घोडं अडतं ते खरेदीपाशी. गिटार घेताना आपण जे बघतो, तेच तो बेसमध्येही बघायला जातो: रंग, आकार, नाव, पिकअप. स्वस्त बेस घेताना पैसा खरा लागतो तो हाताला बसणारी मान, नीट केलेला सेटअप आणि खालचा सूर ऐकू येण्याची सोय यांवर.

आधी वाद्य समजून घेऊ. बेसच्या चार तारा ई, ए, डी आणि जी. गिटारच्या जाड चार तारांचेच हे सूर, फक्त एक सप्तक खाली. गिटारची सर्वांत खालची ई तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, बेसची ४१ वेळा. सूर खाली उतरवायचा तर तार लांब करावी लागते, जाड करावी लागते किंवा सैल सोडावी लागते. सैल तार फडफडते आणि तिचा सूर ठरत नाही. म्हणून बेसमध्ये लांबी आणि जाडी दोन्ही वाढवलेल्या असतात. गिटारच्या नेहमीच्या सेटमधली ई तार ०.०४६ इंच जाड असते, बेसची ०.१०५ इंच. तारेची वाजणारी लांबी, म्हणजे स्केल, स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारवर साडेपंचवीस इंच, तर बेसवर ३४ इंच. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा ३४ इंच ठेवले, आणि आजही बहुतेक बेस त्याच मापाचे असतात.

हा साडेआठ इंचांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. हाताला तो पहिल्या दिवशीच कळतो. गिटारवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर सुमारे ९७ मिलिमीटर असतं. ३४ इंची बेसवर ते १३० मिलिमीटर होतं. गिटारच्या सवयीने चार फ्रेटवर चार बोटं पसरून ठेवली तर मनगट आखडतं. खाली वाजवताना पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरायचं, तिसऱ्याने चौथ्याला आधार द्यायचा आणि हात सरकवत न्यायचा, ही डबल बेसवाल्यांची जुनी रीत इथे उपयोगी पडते. पाचव्या फ्रेटच्या वर मात्र चार फ्रेटचं अंतर १०३ मिलिमीटरवर येतं, म्हणजे गिटारवरच्या ओळखीच्या मापाजवळ. दुकानात बेस हातात घेतल्यावर गिटारवाल्याचा हात आपसूक तिथेच जातो, आणि वाद्य सोपं वाटतं. तसं करू नका. पहिल्या फ्रेटवर हात ठेवून निदान दहा मिनिटं वाजवा, उभं राहून, पट्टा लावून. बसून मांडीवर घेतलेला बेस फार काही सांगत नाही. उभं राहिल्यावर डोक्याकडची बाजू जमिनीकडे झुकू लागली, तर डाव्या हाताचं निम्मं बळ मान सावरण्यातच जाईल. वजन साडेतीन ते साडेचार किलोच्या मधे असतं. दोन तासांच्या कार्यक्रमात तो एक किलो खांद्याला जाणवतो.

हात लहान असेल तर ३० इंची, म्हणजे शॉर्ट स्केल बेस आहेत. त्यावर ते चार फ्रेटचं अंतर ११४ मिलिमीटरवर येतं. या मापाकडे कमीपणाने पाहू नये. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला असताना स्टुअर्ट सटक्लिफ यांनी बीटल्स सोडलं आणि बेस कोणी वाजवायचा हा प्रश्न उभा राहिला. तोवर गिटार वाजवणाऱ्या पॉल मॅकार्टनी यांनी ते काम अंगावर घेतलं. फेंडर बेसची किंमत तेव्हा शंभर पौंडांच्या घरात होती, ती परवडणारी नव्हती. त्यांनी तीसेक पौंडांना व्हायोलिनच्या आकाराचा होफनर घेतला, स्केल सुमारे ३० इंच. ते डावखुरे, दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे तो बेस डाव्या हातानेही विचित्र दिसत नव्हता, हेही त्यांनी पाहिलं होतं. खिशाला परवडणारा, हाताला हलका आणि अंगाला शोभणारा, एवढ्या हिशेबावर घेतलेल्या त्या बेसवर पुढे जे वाजलं ते जगाने ऐकलं. शॉर्ट स्केलची उणीव एकच: जाड ई तारेवरचा ताण कमी पडतो आणि सूर थोडा मऊ, गोल येतो. प्रौढ गिटारवाल्याने आधी ३४ इंची वाजवून पाहावा. बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी किंवा बोटं आखूड असणाऱ्यासाठी स्क्वायरचा ३० इंची ब्रॉन्को किंवा इबानेझचा २८.६ इंची मायक्रो पाहावा.

मानेची रुंदीही तपासा. जॅझ बेसच्या घडणीत नटजवळ मान ३८ मिलिमीटर असते, प्रिसिजनमध्ये ४१ ते ४४. सहा तारांच्या गिटारवरून येणाऱ्याला जॅझची निमुळती मान लवकर आपली वाटते. माझी पसंती तिलाच आहे.

पिकअपवर गिटारवाले तासन्‌तास बोलतात, पण पहिल्या बेससाठी त्यात फार जीव अडकवू नये. प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ पासून तसाच आहे. त्याची घडणच अशी की गुणगुण आपोआप मरते. जॅझचे दोन पिकअप सारख्या आवाजावर ठेवले तरच गुणगुण जाते, एकच उघडला की परत येते. आपल्याकडे मांडवात जनरेटर चालतो आणि अर्थिंगचा भरवसा नसतो, तेव्हा हा मुद्दा खरा कामाचा आहे. म्हणून दोन्ही जातींचा एकेक पिकअप असलेला पीजे बेस मला पहिल्यासाठी योग्य वाटतो. अ‍ॅक्टिव्ह सर्किट टाळा: त्यात नऊ व्होल्टची बॅटरी असते, केबल जॅकमध्ये राहिली तर ती उतरत राहते, आणि बॅटरी संपली की बऱ्याच अ‍ॅक्टिव्ह बेसचा आवाजच बंद होतो. पाच तारांचा बेस सध्या नको. लाकूड कुठलं, याला या किमतीत महत्त्व देऊ नका.

आता किंमत. दहा हजारांच्या आतले बेस मिळतात, पण त्यांतल्या अनेकांची मान आणि खुंट्या वर्षभरात त्रास देऊ लागतात. वीस हजारांच्या आसपास यामाहाचा टीआरबीएक्स १७४ येतो. तो पीजे आहे, पॅसिव्ह आहे, ३४ इंची आहे. इबानेझची जीएसआर मालिका आणि कॉर्टची अ‍ॅक्शन मालिका त्याच टापूत. थोडं वर गेलं की स्क्वायरची अ‍ॅफिनिटी. दर बदलत राहतात, पण क्रम साधारण हाच राहतो. स्थानिक दुकानात बहुधा गिटारच भिंतभर असतात आणि बेस एखादा-दुसरा. तेव्हा ऑनलाइन मागवण्याआधी नागपूरचा विचार करा. रायपूरच्या मराठी घराचं नागपुरात कोणी ना कोणी असतंच, गाडीने तीनशे किलोमीटरचं अंतर आहे, आणि हातात घेऊन पाहिलेलं वाद्य फोटोत पाहिलेल्यापेक्षा नेहमीच बरं. जुना बेस घ्यायचा तर एप्रिल-मे हा काळ चांगला; एनआयटी, एम्ससारख्या संस्थांमधून शिकून बाहेर पडणारी मुलं तेव्हा सामान विकून जातात.

दुकानात बेस आधी अ‍ॅम्पला न जोडता वाजवा. चारही तारांवर प्रत्येक फ्रेट दाबून सूर ऐका. कुठे खरखर येते, कुठे सूर लगेच मरतो ते टिपा. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो. ही खोड महागड्या वाद्यांतही असते, फार ठळक नसेल तर चालवून घ्यावी. मग मोबाइलवरचा ट्यूनर उघडा. तार मोकळी वाजवून सुरात लावा आणि तीच बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. काटा पुन्हा बरोबर मध्यावर यायला हवा. थोडा ढळला तर ब्रिजवरचं खोगीर पुढे-मागे करून दुरुस्त होतं. पण खोगीर आधीच टोकाला पोचलेलं असेल तर तो बेस सोडा. शेवटी मान. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि मधे सातव्या-आठव्या फ्रेटवर पाहा. तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट हवी. फट अजिबात नसेल तर तारा आदळतील, फार असेल तर बोटं दुखतील. दोन्ही दोष मानेतल्या ट्रस रॉडने सुधारतात, म्हणून तो फिरतो का, हे विक्रेत्याकडून फिरवूनच पाहा. जुन्या बेसमध्ये रॉडचा नट झिजलेला असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

ट्रस रॉडवर एवढा भर देण्याला कारण आहे. बेसच्या चार तारा मिळून मानेवर सुमारे ७५ ते ८० किलोंचा ताण देतात; गिटारच्या सहा तारांचा ताण ४५ ते ५० किलोंचा. एवढा ताण सोसणारं लाकूड रायपूरच्या हवेत राहणार असतं. नवतप्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं मानेच्या कडेने बोटांना टोचू लागतात. जूनच्या मध्यावर पाऊस आला की तेच लाकूड ओल पिऊन फुगतं आणि मान हलते. त्यात आपल्या घरांत कूलर. कूलरच्या ओल्या झोताखाली बेस उभा करून ठेवण्याइतकी वाईट जागा दुसरी नाही. वाद्य केसमध्ये ठेवावं, बाहेरच्या तापलेल्या भिंतीला टेकवू नये, आणि वर्षातून दोनदा, पाऊस स्थिरावल्यावर आणि दिवाळीनंतर, मानेची फट तपासावी. रॉड एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये. फिरवून एक दिवस थांबावं आणि मग पुन्हा पाहावं. मे महिन्यात कुरिअरने वाद्य मागवलं तर खोका आल्या आल्या तारा ओढू नका, वाद्याला खोलीच्या हवेत काही तास राहू द्या.

ऐकण्याची सोय हा भाग बहुतेक गिटारवाले विसरतात. घरातला गिटार अ‍ॅम्प आहेच, असं त्यांना वाटतं. हळू आवाजात सरावाला तो चालेल, पण आवाज वाढवू नका. एक सप्तक खाली तेवढ्याच जोराचा आवाज काढायला स्पीकरच्या कोनाला चौपट हालचाल करावी लागते. गिटारच्या छोट्या स्पीकरला ती झेपत नाही. आधी तो फरफरतो, मग फाटतो. फ्लॅटमध्ये सराव करायचा तर थेट जॅकमध्ये खोचायचा हेडफोन अ‍ॅम्प घ्या, व्हॉक्सच्या अ‍ॅमप्लगची बेससाठी वेगळी आवृत्ती येते. मूळ गाणंही हेडफोनवरच ऐका, कारण मोबाइलच्या स्पीकरमधून ४१ कंपनांचा सूर बाहेर पडतच नाही, आणि जे ऐकू आलं नाही ते वाजवणार कसं? मंचासाठी अ‍ॅम्प विकत घ्यायची घाई नको. डीआय बॉक्स नावाची छोटी पेटी घेतली की बेस थेट ध्वनिव्यवस्थेच्या मिक्सरला जोडता येतो. मंडळांच्या कार्यकर्त्यांनी साउंडवाल्याला बेससाठी एक चॅनेल मोकळा ठेवायला आधीच सांगून ठेवावं.

माझ्या मते तीस हजार रुपये असतील तर त्यांतले वीस हजार बेसवर खर्च करावे, दोनेक हजार चांगल्या कारागिराकडून सेटअप करून घेण्यावर, आणि उरलेल्या पैशांत हेडफोन अ‍ॅम्प, डीआय बॉक्स, रुंद पट्टा आणि तारांचा एक जादा सेट घ्यावा. बेसच्या तारा गिटारच्या तारांपेक्षा बऱ्याच महाग असतात, पण टिकतातही कितीतरी जास्त. वीस हजारच असतील तर जुना बेस घ्या, सेटअपचे पैसे मात्र कापू नका. बेस घरी आला की पहिले काही आठवडे कॉर्डचा मूळ स्वर आणि त्याचा पंचम एवढंच वाजवा, तबलजीच्या डग्ग्याकडे किंवा ड्रमवाल्याच्या किककडे कान देऊन. गणपतीत वाजवायचं असेल तर आषाढ लागायच्या आत खरेदी उरका.