पासपोर्टातली टिकली

आमच्या यवतमाळ जिल्ह्याची दक्षिणेकडची हद्द म्हणजे पैनगंगा. पलीकडे आज काही भागात तेलंगण. १९४८ सालापर्यंत तिथे निजामाचे राज्य होते. आता पूल ओलांडला की मनुष्य दुसऱ्या राज्यात जातो आणि 'तू कोण, कुठला?' असे त्याला कुणी विचारीत नाही. अशा जिल्ह्यातल्या माणसांना परदेशाच्या सीमेवरील ओळखतपासणीच्या अगदी नव्या प्रयोगात पहिल्याच पंगतीला पान मिळावे, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

हा प्रयोग ई-पासपोर्टचा. परराष्ट्र मंत्रालयाने १ एप्रिल २०२४ पासून तो चाचणी म्हणून सुरू केला आणि आरंभीच्या मोजक्या कार्यालयांत नागपूरचा समावेश होता. यवतमाळचे अर्ज नागपूरच्याच अखत्यारीत जातात. मुंबईकरांना त्यासाठी २०२५ साल उजाडावे लागले, हे मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवते!

माझ्या थोरल्या जाऊबाई दारव्ह्याकडच्या. त्यांची लेक जर्मनीत असते. तिचे दिवस भरत आलेले. बाळंतपणाला आई हवी, म्हणून पासपोर्टाची घाई. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. सोबत म्हणून मी गेले, कागदांची पिशवी सांभाळायला.

या नव्या पासपोर्टावर बाहेरून दिसणारा फरक एवढाच, की मुखपृष्ठावर खाली एक छोटे सोनेरी चिन्ह असते. आडव्या पट्टीच्या मधोमध वर्तुळ. खरी करामत आत आहे. पुस्तिकेत टिकलीएवढी एक चिप आणि तिच्याभोवती तारेची बारीक अँटेना बेमालूम बसवलेली असते. चिपला स्वतःची वीज नाही. वाचणारे यंत्र अगदी जवळ आले की त्याच्याच लहरींवर ती जागी होते. पण जागी झाली म्हणून लगेच बोलत नाही हो! पासपोर्टाच्या माहितीच्या पानावर तळाशी चव्वेचाळीस-चव्वेचाळीस अक्षरांच्या दोन ओळी असतात. त्यांतला पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदतीची तारीख यांची मिळून किल्ली बनते. म्हणजे पुस्तिका उघडून दाखवल्याशिवाय कुलूप निघत नाही. पर्समधला पासपोर्ट शेजारचा कुणी परस्पर वाचील, ही भीती बरीचशी त्यामुळेच कमी होते.

आतल्या मजकुरावर सरकारची अंकीय सही असते. कुणी एक अक्षर जरी बदलले तरी सही जुळत नाही आणि खोटेपणा उघडा पडतो. मग चिपमधला चेहरा आणि समोरचा चेहरा ताडून पाहायचा, की झाले. मलेशियाने १९९८ सालीच असा पासपोर्ट काढला होता. आपल्याकडे तो यायला पाव शतक गेले. आपली पुस्तिका छापली जाते ती नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये.

हे सारे ऐकून जाऊबाईंनी एकच प्रश्न विचारला, "अवं, पण मी तं तान्ह्या पोळ्याले जन्मली!"

प्रश्न खरा होता. शाळेच्या दाखल्यावर त्यांचा जन्म १ जुलैचा आहे. आपल्याकडे ज्यांना मास्तरांनी जन्मतारीख दिली अशांचे वाढदिवस घाऊक भावाने १ जूनला नाही तर १ जुलैला येतात. एकेका घरात तर सासू, सून आणि दीर तिघांचाही वाढदिवस एकच! तान्हा पोळा पडतो श्रावण अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे जुलैची पहिली तारीख तो कदापि नव्हे. पण सगळे कागद १ जुलै म्हणतात, आणि कागद एकमेकांशी जुळणे हीच पहिली अट. तेव्हा आता मास्तरांच्या त्या तारखेवर भारत सरकारची अंकीय सही आहे, आणि ती जगातला कुठलाही अधिकारी मान्य करील.

नावाचे दुखणे याहून अवघड. तारीख निदान सगळीकडे एकच होती. माहेरचे नाव वेगळे, लग्नात ठेवलेले वेगळे, आणि आडनावाच्या इंग्रजी लेखनात एका कागदावर 'ए' तर दुसऱ्यावर 'ई'. राजपत्रात नावबदलाची जाहिरात, प्रतिज्ञापत्र, पुन्हा फेऱ्या, यांत दोन महिने गेले. पासपोर्टाला लागला त्याहून हा वेळ जास्त. मला वाटते, चाचणी खरी झाली ती इथे. यंत्र पुस्तिका खरी की खोटी ते चोख सांगते. पुस्तिकेत लिहिलेले खरे की खोटे, हे त्याला कुठून कळणार? ते काम अजून शाळेतल्या जुन्या रजिस्टराचेच आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टासाठी जन्माचा दाखलाच द्यावा लागतो; त्यांच्या पिढीत हा घोळ राहू नये.

बोटांच्या ठशांनीही थोडे नखरे केले. जन्मभर राखेने भांडी घासलेली, हंगामात कापूस वेचलेली बोटे, रेषा झिजलेल्या. ओल्या फडक्याने पुसून, दाबून, तिसऱ्या खेपेस उमटले. गंमत पाहा, ठशाची ही विद्या मूळ आपल्याच देशात रुजली. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका ठेकेदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. पुढे १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघांनी वर्गीकरणाची पद्धत बसवली. शेतकऱ्याकष्टकऱ्यांच्या झिजल्या बोटांचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.

युरोपच्या व्हिशासाठी जाऊबाईंना पुन्हा दहाही बोटे द्यावी लागली. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडच्या २९ देशांनी शिक्क्याऐवजी संगणकावर प्रवेशाची नोंद घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू केली. तीत चेहराही टिपतात. लेकीने फोनवर बजावले, "आई, डोक्यावरचा पदर मागे घे, म्हणजे कॅमेऱ्याला ओळखू येशील."

ज्यांच्याकडे जुना पासपोर्ट आहे त्यांनी घाबरून धावपळ करण्याचे कारण नाही. मुदत संपेपर्यंत तो चालतो. नवा काढताना आपोआप चिपचा मिळतो. फक्त पुस्तिकेला टाचणी-स्टेपल लावू नका आणि ती मुडपू नका. आणि अर्ज भरण्याआधी शाळेचा दाखला, आधार आणि लग्नाचा दाखला एका ओळीत मांडून नावाचे प्रत्येक अक्षर एकदा बोट ठेवून वाचा. आमच्या घरी सध्या हाच उद्योग चालला आहे. धाकट्या दिरांच्या आडनावात एक 'एच' जास्त निघाला आहे.