म्हशीत ‘श’ कुठून आला?

ओतूरच्या बाजारात कान टवकारून एक फेरी मारा. विकायला आणलेली असते म्हैस, पण दावं बांधतात म्हशीला! पैसा असतो खिशात, खिसा मात्र ‘स’चा. आणि भाव विचारायचा माशाचा, माशाला ‘मासा’ म्हणत असलो तरी. हा ‘स’ मध्येच ‘श’ का होतो बरं?

आधी एक गंमत करा. ‘स्स्स’ म्हणा, थांबा, आणि जीभ जराही न हलवता तोंडानं श्वास आत ओढा. जिभेच्या शेंड्याशी गार लागलं ना? आता ‘श्श्श’ म्हणून तसंच करा. गारवा मागं सरकला! जिथं गार लागतं तिथंच हवेची अरुंद फट असते. ‘श’ची फट मागं, म्हणून तिच्यापुढची पोकळी मोठी आणि आवाज जाडा.

आता ‘य’ म्हणा. जिभेचा मधला भाग टाळूकडं उचलला जातो. ‘घोडा’ला ‘ला’ लावताना मध्ये हाच ‘य’ येतो: घोड्याला. तसं ‘ससा’चं व्हायला हवं ‘सस्याला’. पण ‘स’ म्हणतानाच जीभ पुढच्या ‘य’साठी वर निघते, फट मागं सरकते आणि ऐकू येतो ‘सशाला’. ‘य’ स्वतः मात्र गडप! ‘म्हशी’त हेच काम ‘ई’ करते.

आता चला थेट रशियात. तिथं ‘लिहिणं’ म्हणजे साधारण ‘पिसात्य’, आणि ‘मी लिहितो’ म्हणजे ‘पिशू’! तिथंही फार पूर्वी ‘स’नंतर ‘य’ होता. कुणी कुणाची नक्कल केली नाही; जीभ आणि टाळू तर सगळ्यांना सारखेच. शेजारच्या पोलंडची तर कमालच. आपण श, ष, स तीन लिहितो, पण बहुतेकांच्या बोलण्यात उरलेत दोनच. पोलिश मुलं तीन वेगळे आवाज सहज काढतात: ‘कासा’ म्हणजे गल्ला, ‘काषा’ म्हणजे शिजवलेला भरडा आणि ‘काशा’ हे मुलीचं लाडकं नाव.

आता परत घरी. आपल्या जुन्नर तालुक्यातल्या नाणेघाटात सातवाहनांचे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे प्राकृत लेख आहेत. त्यांत ‘श्री’ कोरलंय ‘सिरि’ असं. तेव्हाच्या इथल्या प्राकृतात श, ष, स या तिन्हींचा मिळून एकच ‘स’ झाला होता. म्हणजे म्हशीतला ‘श’ संस्कृतातून जपलेला नाही, तो नंतर जिभेनं नव्यानं घडवलाय! ‘सिंदूर’चा ‘शेंदूर’ झाला तोही असाच.

घसा, आरसा, वारसा यांना ‘ला’ लावून बघा. ‘रस’चं मात्र ‘रसाला’च राहतं, कारण तिथं ‘य’ कधी आलाच नव्हता.