पटावरचं नाव, पंगतीतलं पान

सातारच्या सरकारी शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव पटावर चढलं. आजचं हे प्रतापसिंह हायस्कूल. 2017पासून राज्यभर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण त्या नोंदीबरोबर त्या वर्गातलं गोणपाटही आठवायला हवं. बसायला गोणपाट घरून आणायचं, शाळा सुटली की घरी न्यायचं, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावणार नाही. नळाला हात लावायचा नाही. शिपायानं तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसेल तर तहान तशीच. बाबासाहेबांनी हे सारं स्वतः लिहून ठेवलं आहे.

मुलाला शाळेत घेतलं म्हणजे त्याला न्याय मिळाला असं होत नाही, हे याच साताऱ्यात भाऊराव पाटलांनी कृतीनं दाखवलं. जन्म 1887 साली कुंभोजचा, घराणं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. लोखंडी नांगरांच्या विक्रीसाठी त्यांनी खेडी पालथी घातली. 4 ऑक्टोबर 1919 रोजी त्यांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं आणि खरी कसोटी तिथं लागली.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी उभी केलेली वसतिगृहं बहुतेक जातवार होती. भाऊराव स्वतः तिथं जैन बोर्डिंगात राहिले होते. साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांची चूल एक केली. स्वयंपाक मुलांनीच करायचा, कष्ट करून शिकायचं, एका पंगतीत जेवायचं. 25 फेब्रुवारी 1927 रोजी गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव देण्यात आलं. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. कर्मवीर म्हणून गौरवलेल्या भाऊरावांचे पुतळे गावोगाव आहेत. लक्ष्मीबाईंचा उल्लेख मात्र भाषणाच्या शेवटी एका वाक्यात उरकला जातो, हे मला सहन होत नाही. ती चूल त्यांनी पेटती ठेवली नसती, तर लांबच्या खेड्यातली पोरं साताऱ्यात टिकलीच नसती.

आता याच सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठी ऊसतोडीचा हंगाम बघावा. नवरा-बायकोच्या जोडीला इथं ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, म्हणून बीडकडून, तशीच सांगलीच्याच दुष्काळी जतमधूनही बिऱ्हाडं निघतात. मुलं कुणाजवळ ठेवणार? तीही सोबत येतात. पहाटे आई-बाप फडात गेले की थोरली मुलगी कोपीवर, म्हणजे झोपडीत, धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. जरा मोठी झाली की मोळ्या वाहते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पाच-सहा महिने असेच जातात. गावच्या शाळेत तिचं नाव पटावर असतं आणि ती इथं उसात असते.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयानुरूप वर्गात घेणं बंधनकारक आहे. दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. ऊसतोडीच्या ठिकाणी साखरशाळा झाल्या, गावाकडे हंगामी वसतिगृहं निघाली. 2021 मध्ये ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावे शासकीय वसतिगृहांची योजना आली. मूल आपल्या गावीच राहून शिकावं, हा वसतिगृहाचा मार्ग मला अधिक योग्य वाटतो. भाऊरावांनी मुलांना साताऱ्यात आणलं, पण मार्ग वसतिगृहाचाच धरला होता. मात्र जेवण आणि मायेचं माणूस वेळेवर मिळालं नाही, तर आई मूल मागे ठेवणार नाही, आणि तिला दोष देता येणार नाही.

साखर कारखाने टोळ्यांशी करार करतात, उसाच्या टनाटनाचा हिशेब ठेवतात. फडावर किती मुलं आली, याची नोंदही त्यांनीच ठेवावी आणि ती जवळच्या शाळेला द्यावी.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा टोळ्या उतरू लागलेल्या असतील. वाचकहो, तुमच्या शिवारात कोप्या पडल्या, तर तिथल्या मुलांची नावं विचारा आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना नेऊन द्या. दाखला मागितला, तर कायदा दाखवा.