थकव्याचीही नोंद हवी

तंजावूरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (१७७७-१८३२) यांनी धन्वंतरी महाल उभारून आपल्याकडील वैद्यक आणि पाश्चात्त्य वैद्यक यांचा एकत्र अभ्यास करविला. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. रुग्णाला काय होते ते लिहून ठेवण्याची ही शिस्त मूत्रपिंडाच्या जुनाट विकारातही फार मोलाची आहे; कारण त्यातील एक मोठी तक्रार, म्हणजे थकवा, कोणत्याही तपासणीच्या अहवालात छापून येत नाही.

‘आता वयच झाले’ म्हणून घरची माणसे ती बाजूला सारतात. रुग्णही संकोचाने गप्प राहतो. वास्तविक या थकव्याला शारीरिक कारणे असतात. दुबळी झालेली मूत्रपिंडे रक्तपेशींच्या निर्मितीस चालना देणारे एरिथ्रोपोएटिन पुरेसे तयार करीत नाहीत, म्हणून हिमोग्लोबिन घटते. रक्तातील आम्लता वाढली की स्नायूंतील प्रथिने झिजतात. ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव त्यात भर घालते. यांतील बहुतेकांवर उपचार आहेत, मात्र तक्रार डॉक्टरांच्या कानी गेली पाहिजे.

येथे एक फसवी गोष्ट सांगितली पाहिजे. क्रिएटिनिन मुख्यतः स्नायूंतूनच येते. त्यामुळे स्नायू झिजले तरी अहवालातील आकडा उतरू शकतो, आणि घरात आनंदीआनंद होतो! जिना चढताना कठडा धरावा लागतो, खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो, हे मात्र कोणी टिपलेले नसते. आठवड्यातून एकदा वहीत एवढे लिहिले तरी डॉक्टरांना पुष्कळ उलगडा होतो.

केवळ विश्रांतीने स्नायूंचे बळ परत येत नाही. इटलीत डायलिसिसच्या रुग्णांना सहा महिने घरच्या घरी चालण्याचा बेताचा व्यायाम दिला गेला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ते सहा मिनिटांत पूर्वीपेक्षा सरासरी सुमारे ३९ मीटर अधिक चालू लागले. असा व्यायाम अर्थातच डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा.

अशक्तपणा आला की शहाळे द्यावे, ही नारळाच्या मुलुखातील जुनी रीत. कावेरीकाठी तशीच आपल्या कोकणातही. परंतु शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकली नाहीत, तर पायांतले बळ जाते आणि हृदयाची लय बिघडू शकते. अशा रुग्णाचे पाय एकाएकी लुळे वाटू लागले किंवा छातीत धडधड सुरू झाली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.