मारणाऱ्या पोराला सोडा, मुख्याध्यापकांना गाठा

वर्गातल्या मारहाणीची चित्रफीत मोबाइलवर फिरते, दोन दिवस बातम्या चालतात आणि मग पालकांची तक्रार येते, 'पोलीस एफआयआरच घेत नाहीत.' यात दर वेळी पोलिसांची चालढकल नसते. मारणारा 18 वर्षांच्या आतला असला, की अतिगंभीर गुन्हे सोडता बाल न्यायाच्या नियमांनुसार ठाण्याच्या डायरीत फक्त नोंद होते आणि बाल न्याय मंडळाकडे अहवाल जातो. हाड मोडलं तरी तेच. मंडळ बहुधा समुपदेशन सांगेल किंवा आईवडिलांना दंड करील. मला हे योग्यच वाटतं. नववीतलं पोर कोठडीत गेल्याने कुणाचं हाड जुळून येणार आहे?

खरा दारूगोळा दुसरीकडे आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा 1999 चा. नाव ऐकलं की मेडिकलचं होस्टेल आठवतं. पण त्यातली शैक्षणिक संस्थेची व्याख्या ऐसपैस आहे. शिक्षण देणारी कोणतीही संस्था तिच्यात बसते, शिकवणीचे क्लाससुद्धा. चिडवणं, शिवीगाळ, धमकी, इजा हे सगळं रॅगिंग. पालकांनी लेखी तक्रार दिली, की संस्थाप्रमुखांनी 7 दिवसांत चौकशी करायची. तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. टाळाटाळ केली तर त्यांचीच रॅगिंगला साथ होती असं कायदा धरतो. शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद आणि 10 हजारांपर्यंत दंड. मुख्याध्यापक काही अज्ञान नसतात, तिथे बाल न्यायाची ढाल चालत नाही! शाळा म्हणेल, हा कायदा कॉलेजांसाठी आहे. व्याख्या वाचून दाखवा.

म्हणून आधी अर्ज, आणि त्याच्या प्रतीवर आवक शिक्क्यासह पोच. 'सरांशी बोलणं झालंय' हे पुढे कुठेच टिकत नाही. सीसीटीव्हीचं चित्रण राखून ठेवा, हेही त्याच अर्जात लिहा. काही दिवसांत जुन्यावर नवं चढतं. आणि दवाखान्यात 'जिन्यावरून पडला' असं सांगू नका, शाळेने कितीही गळ घातली तरी.

भरपाईसाठी दिवाणी दावा मुलाच्या नावाने, पालक वादमित्र म्हणून लावतात. मुलाला सज्ञान झाल्यावरही 3 वर्षं मुदत मिळते, पण साक्षीदार पोरं तोवर पांगलेली असतात. ग्राहक आयोगाची वाट निसरडी आहे. शिक्षण ही 'सेवा' नव्हे, हा शाळांच्या वकिलांचा ठरलेला मुद्दा.

या खटाटोपात कुणीतरी 'दाखला घेऊन जा' असं सुनावतंच. तेवढं लेटरहेडवर लिहून मागा.