विश्लेषण : रायफल नंतर, काडतूस आधी! शिकार आणि दूरच्या लक्ष्यवेधासाठी निवड कशी होते?

अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील अनेक देशांत आपल्या गरजेप्रमाणे रायफल घडवून घेण्याची पद्धत रुळलेली आहे. त्यासाठी काही हजार डॉलर आणि अनेक महिन्यांची प्रतीक्षा करावी लागते. मात्र कारागिराचा पहिला प्रश्न दस्त्याच्या लाकडाचा किंवा दुर्बिणीचा नसतो. ‘काडतूस कोणते?’ हेच तो आधी विचारतो. उत्तर चुकले तर नेमबाजाचे गुण जातात. शिकाऱ्याचे उत्तर चुकले तर जखमी जनावर जंगलात तडफडत राहते.

काडतुसावर रायफल कशी ठरते?

काडतुसाचे चार भाग असतात. पुढे सुटणारी गोळी, मागे पितळी केस, केसमध्ये दारू आणि बुडाला ठिणगी देणारा प्रायमर. काडतूस नळीच्या मागच्या टोकाला, त्याच्याच मापाने कोरलेल्या जागेत म्हणजे चेंबरमध्ये बसते. चेंबर एकदा कोरले की त्यात दुसऱ्या मापाचे काडतूस चालवता येत नाही. चुकीचे काडतूस बळेच बसवून झाडले तर रायफल फुटू शकते. म्हणूनच काडतुसाचे नाव नळीवर कोरलेले असते.

काडतुसाची लांबी आणि बुडाचा व्यास यांवर रायफलीचा गाभा, म्हणजे काडतूस आत ढकलणारी व कुलूप लावणारी बोल्ट यंत्रणा ठरते. ‘.३०८ विंचेस्टर’ हे काडतूस सुमारे ७१ मिलिमीटर लांब आहे, तर ‘.३०-०६’ सुमारे ८५ मिलिमीटर. पहिल्याला आखूड यंत्रणा पुरते, दुसऱ्याला लांब लागते. दोघांच्या बुडाचा व्यास मात्र सारखाच, सुमारे १२ मिलिमीटर आहे. हे माप १८८८च्या जर्मन लष्करी काडतुसापासून चालत आले आहे. मॅग्नम वर्गातील बहुतेक काडतुसांचे बूड साडेतेरा मिलिमीटरच्या आसपास असते. त्यामुळे पुढे केवळ नळी बदलून .३०८ची रायफल मॅग्नम करता येत नाही. बोल्टचे तोंडही बदलावे लागते.

नावांतील आकड्यांचा अर्थ काय?

या नावांना एकच असा नियम नाही आणि नवख्याचा गोंधळ इथूनच सुरू होतो. ‘.३०८’ हा गोळीचा इंचातील व्यास आहे. ‘.३०-०६’ मधील ०६ म्हणजे अमेरिकी लष्कराने ते स्वीकारले ते वर्ष, १९०६. ‘.२७० विंचेस्टर’च्या गोळीचा व्यास प्रत्यक्षात .२७७ इंच आहे. युरोपीय पद्धत त्यामानाने सरळ आहे. ‘७ × ५७’ म्हणजे ७ मिलिमीटर वर्गाची गोळी आणि ५७ मिलिमीटर लांबीची केस. तेच काडतूस ब्रिटनमध्ये ‘.२७५ रिग्बी’ या नावाने विकले गेले. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्यानंतर जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल याच काडतुसाची होती. थोडक्यात, नावातील मोठा आकडा म्हणजे मोठी ताकद, असे समजण्यात अर्थ नाही.

‘६.५ क्रीडमूर’ इतके गाजले का?

गेल्या दीड-दोन दशकांतील सर्वाधिक चर्चेचे हे काडतूस. हॉर्नडी या अमेरिकी कंपनीने ते २००७ मध्ये आणले. नाव घेतले ते न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील क्रीडमूर या जुन्या नेमबाजी मैदानावरून. तेथेच १८७४ मध्ये अमेरिका आणि आयर्लंड यांच्यात गाजलेला सामना झाला होता. हॉर्नडीचे डेव्ह एमरी आणि स्पर्धक नेमबाज डेनिस डीमिल यांनी या काडतुसाची कल्पना मांडली. रायफल आखूड यंत्रणेची हवी, धक्का कमी हवा, नळी टिकायला हवी आणि दुकानातून घेतलेल्या काडतुसावरही स्पर्धा खेळता यायला हवी, अशा त्यांच्या अपेक्षा होत्या.

या काडतुसाचे बळ गोळीच्या आकारात आहे. ६.५ मिलिमीटरची १४० ग्रेनची, म्हणजे सुमारे ९ ग्रॅमची गोळी बारीक आणि लांब असते. ती हवा सहज कापते आणि वेग टिकवून धरते. .३०८ची १६८ ग्रेनची गोळी जवळपास त्याच वेगाने, सेकंदाला ८००हून थोड्या अधिक मीटरने निघते. पण ती जाड असल्याने हवेत लवकर मंदावते.

एक हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर हा फरक स्पष्ट दिसतो. क्रीडमूरची गोळी तेथे पोहोचायला दीड सेकंदाच्या आसपास वेळ घेते आणि तेवढ्या वेळात सुमारे आठ मीटर खाली येते. ही घसरण गणिताने आधीच काढता येते, कारण गुरुत्वाकर्षण बदलत नाही. वारा मात्र क्षणाक्षणाला बदलतो. ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात ही गोळी साधारण दोन मीटर बाजूला सरकते. .३०८ची पारंपरिक १६८ ग्रेनची गोळी त्याहून बरीच अधिक वाहवते. वाऱ्याचा अंदाज थोडा चुकला, तरी कमी वाहवणारी गोळी लक्ष्याच्या आत राहण्याची शक्यता जास्त असते. दूरच्या नेमबाजीत काडतूस निवडण्याचे हे पहिले कारण आहे.

अर्थात ६.५ मिलिमीटरमध्ये नवे काही नव्हते. ‘६.५ × ५५’ हे स्वीडनचे लष्करी काडतूस १८९४चे. स्कँडिनेव्हियात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी ते शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. क्रीडमूरने तेच शहाणपण आखूड यंत्रणेत आणि आधुनिक मापात बसवले.

आटे का महत्त्वाचे?

नळीच्या आत पिळदार आटे असतात. ते गोळीला फिरवतात, म्हणून ती भोवऱ्यासारखी स्थिर राहते. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा. क्रीडमूरच्या नळीत साधारणपणे आठ इंचांत एक फेरा असतो.

१९२५ साली आलेले ‘.२७० विंचेस्टर’ हे याचे उलटे उदाहरण. त्याच्या कारखानी नळ्यांत दहा इंचांत एक फेरा रूढ झाला. त्या काळच्या आखूड गोळ्यांना तो पुरेसा होता. पुढे लांब गोळ्यांचा जमाना आला, तेव्हा जुन्या नळ्या त्यांना स्थिर करू शकल्या नाहीत. त्याच व्यासासाठी २०२१ मध्ये ‘६.८ वेस्टर्न’ हे नवे काडतूस आणावे लागले. रायफल घडवून घेणाऱ्याला ही अडचण टाळता येते. मात्र त्यासाठी कोणती गोळी वापरणार, हे त्याने नळी मागवण्यापूर्वीच ठरवलेले असावे लागते.

मोठे काडतूस म्हणजे चांगले काडतूस?

‘.३०० विंचेस्टर मॅग्नम’ हे १९६३चे काडतूस. त्याची गोळी नळीतून साधारण ४,७०० ज्यूल ऊर्जेने निघते. क्रीडमूरची ऊर्जा ३,१०० ज्यूलच्या आसपास असते. कागदावर मॅग्नम सरस दिसते, पण त्याची किंमत खांद्याला आणि नळीला मोजावी लागते. सारख्या वजनाच्या रायफलीत मॅग्नमचा धक्का क्रीडमूरच्या जवळपास दुप्पट असतो. धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना डोळे मिटणे, खांदा आखडणे ही सवय अनुभवी नेमबाजांनाही लागते. मग कागदावरची जादा ऊर्जा नेम बिघडवण्याच्या कामी येते.

दुसरा मुद्दा नळीच्या आयुष्याचा. अरुंद नळीतून जितकी जास्त दारू जाळावी, तितका चेंबरच्या पुढचा भाग लवकर झिजतो. .३०८ची नळी चांगल्या अचूकतेने पाच हजार फैरींपर्यंत टिकू शकते. क्रीडमूरची दोन ते तीन हजार, तर मोठ्या मॅग्नमची त्याहूनही कमी. हे ढोबळ आकडे आहेत. सलग झाडून नळी तापू दिली तर ते आणखी खाली येतात. वर्षाला दहा-वीस फैरी झाडणाऱ्या शिकाऱ्याला याची चिंता नसते. आठवड्याला शंभर फैरी झाडणाऱ्या स्पर्धकाला मात्र वर्षभरात नवी नळी लागू शकते.

शिकारीचा हिशेब वेगळा का?

कागदी किंवा पोलादी लक्ष्याला फक्त भोक पडले वा आवाज झाला तरी पुरते. जनावराला मात्र ताबडतोब मरण येणे आवश्यक असते. त्यासाठी शिकारीची गोळी शरीरात शिरल्यावर फुलण्यासाठी बनवलेली असते. ती फुलण्यासाठी किमान वेग लागतो. अनेक गोळ्यांच्या बाबतीत ही मर्यादा सेकंदाला ५०० ते ५५० मीटरच्या आसपास आहे. त्याखाली गोळी लागते, पण आरपार निघून जाते. जनावर पळते आणि नंतर कुठेतरी मरते. म्हणजे नेम किती दूरवर लागतो, यापेक्षा गोळी किती दूरपर्यंत आपले काम करते, ही शिकाऱ्याची खरी मर्यादा असते. स्पर्धेची गोळी कितीही अचूक असली तरी शिकारीला योग्य ठरेलच असे नाही, त्याचेही कारण हेच.

त्यातच रायफल खांद्यावर घेऊन डोंगर चढायचा असतो. स्पर्धेची आठ-दहा किलोंची रायफल धक्का पचवते. साडेतीन किलोंच्या शिकारी रायफलीत तेच काडतूस अंगावर येते.

निवड नेमबाज करतो की कायदा?

अनेकदा कायदाच. इंग्लंडमध्ये मोठ्या जातींच्या हरणांसाठी किमान .२४० इंच व्यासाची नळी आणि सुमारे २,३०० ज्यूल ऊर्जा बंधनकारक आहे. स्वीडनमध्ये एल्कसाठी नऊ ग्रॅमच्या गोळीची ऊर्जा शंभर मीटरवर किमान २,७०० ज्यूल असावी लागते. गोळी दहा ग्रॅम किंवा अधिक असेल तर २,००० ज्यूल पुरतात.

शिशावरील बंदीनेही समीकरण बदलले आहे. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना मनाई आहे. डेन्मार्कने एप्रिल २०२४ पासून रायफलीच्या शिशाच्या गोळ्यांवरही बंदी घातली. पर्याय म्हणून येणारे तांबे शिशापेक्षा हलके असते. त्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते आणि तिला अधिक घट्ट पिळाची नळी लागते. कायद्याच्या एका ओळीने जुनी नळी अपुरी ठरू शकते, ती अशी.

स्पर्धांचेही तसेच आहे. ‘एफ क्लास’ या दूरच्या नेमबाजीतील ‘एफ-टीआर’ गटात फक्त .२२३ रेमिंग्टन आणि .३०८ विंचेस्टर ही दोनच काडतुसे चालतात. खुल्या गटात आठ मिलिमीटरपर्यंत मोकळीक आहे. अमेरिकेतील ‘प्रिसिजन रायफल सीरिज’मध्ये धक्का कमी हवा म्हणून आघाडीचे स्पर्धक क्रीडमूरहूनही लहान, सहा मिलिमीटरच्या काडतुसांकडे वळले आहेत.

भारतात काय स्थिती?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार भारतात शिकारीवर बंदी आहे. लष्करी मापांच्या अनेक काडतुसांना नागरिकांसाठी ‘प्रतिबंधित बोअर’ मानले जाते. ही परंपरा ब्रिटिश काळापासूनची. बंडखोरांच्या हाती असलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना गोळ्या मिळू नयेत म्हणून ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात .४५० मापावर बंदी आणली. लगेच ब्रिटिश बंदूक कंपन्यांनी .४६५, .४७० अशी नवी मापे बाजारात आणली. नागरिकांना .३०३ मिळत नसल्याने .३१५ रूढ झाले आणि ते आजही टिकून आहे. पुण्यातील खडकीच्या कारखान्याची ‘के. एफ.’ ही अक्षरे अशा काडतुसांच्या बुडावर दिसतात.

नेमबाजी या खेळात मात्र भारतीयांनाही निवडीचा प्रश्न सुटलेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या त्या प्रकारात ‘.२२ लाँग रायफल’ हे एकच काडतूस चालते. माप ठरलेले असले तरी एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्ये फरक असतो. एक लॉट एका नळीतून उत्तम जातो, तोच दुसऱ्या नळीतून विखुरतो. म्हणून अव्वल नेमबाज आपली नळी कंपनीच्या चाचणी केंद्रात नेतात, वेगवेगळे लॉट झाडून पाहतात आणि जमलेला लॉट साठवून ठेवतात.

मग निवडायचे कसे?

रायफल घडवणारे कारागीर सहसा लक्ष्यापासून मागे येत विचार करायला सांगतात. लक्ष्य काय आणि किती दूर? तेथे गोळीचा वेग किती राहायला हवा? त्यासाठी कोणती गोळी आणि किती पीळ? ती गोळी कोणत्या काडतुसातून, किती धक्क्यात झाडता येईल? नियम काय सांगतात? आणि शेवटी, ते काडतूस जवळच्या दुकानात मिळते का? २०२० आणि २०२१ मध्ये अमेरिकेत काडतुसांची मोठी टंचाई झाली, तेव्हा अनेक महागड्या रायफली कपाटातच राहिल्या. प्रमाणित मापात नसलेली, हौशी लोकांनी तयार केलेली ‘वाइल्डकॅट’ काडतुसे तर दुकानात सहसा मिळतच नाहीत. ती घरीच भरावी लागतात.

म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीचे .३०-०६ किंवा १९५२चे .३०८ आजही बाद झालेले नाही. तीनशे मीटरच्या आतील हरणाला ते पुरेसे आहे, नळी टिकते आणि काडतूस बहुतेक ठिकाणी मिळते. हजार यार्डांवर वाऱ्याशी झुंजायचे असेल तर बारीक, लांब गोळी हवी. अवजड जनावर आणि मोठे अंतर असेल, तरच मॅग्नमचा धक्का सोसण्यात अर्थ आहे. आणि तो धक्का सोसून नेम स्थिर राहतो का, हे नळी कोरण्याआधी कुणाची तरी रायफल हातात घेऊन पाहिलेले बरे.